अडवलेला मेल

माझी बायको दैवशाला मागच्या नोव्हेंबरात गेली. तिच्या तपासणीचा रिपोर्ट ज्या मेलमध्ये होता तो मेल माझ्याच सर्व्हरवर अडकून पडला होता, आणि तो अडेल अशी व्यवस्था मीच केली होती. हे मला ती असतानाच कळलं होतं. सांगायला मात्र मी फार उशीर केला.

मी जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटा. खाली बी साफ करायच्या मशिनी, वर ऑफिस, आणि जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर. कंपनीचा प्रत्येक मेल त्या सर्व्हरवरून येतो-जातो. बाहेरून आलेला मेल आधी व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रामच्या हातात पडतो. तो मेलला जोडलेली फाइल उघडून आतून बघतो. ठीक असली तर मेल ज्याचा त्याला जातो, नसली तर क्वारंटाइनमध्ये पडतो. हा शब्द कोरोनात सगळ्यांना पाठ झाला, त्यामुळे ऑफिसात समजावून सांगायला सोपं जातं.

असा प्रोग्राम बसवणं अवघड नसतं. त्याला काय काय सांगून ठेवायचं हे अवघड असतं. केवढ्या मोठ्या फाइलपर्यंत तपासायचं, तपासणारा बंद पडला तर मेल थांबवायचे की सोडायचे, अडवलेल्या मेलची खबर कोणाला द्यायची. आणि एक प्रश्न असतो कुलूपबंद फाइलचा. पासवर्ड लावलेली फाइल प्रोग्रामला उघडता येत नाही. आत व्हायरस आहे की लग्नपत्रिका, त्याला दिसत नाही. अशी फाइल सोडायची की अडवायची, हे माणसानं ठरवून द्यायचं असतं.

आधी मी सोडत होतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या अकाउंट्समधल्या राधेश्यामने बिल म्हणून आलेली एक कुलूपबंद फाइल उघडली. पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला होता. अर्ध्या तासात कंपनीच्या निम्म्या फाइली उघडेनाशा झाल्या आणि पाकिटांवर लेबल छापायचं मशीन दोन दिवस बंद राहिलं. शेठ म्हणाले, कल्याण, आजपासून कुलूप लावलेलं काही आत येता कामा नये. मी त्याच दिवशी ती सेटिंग केली. पुढं वर्षभर काही झालं नाही, म्हणून दसऱ्याच्या पूजेत शेठनी सगळ्यांसमोर मला शाल दिली. घरी दाखवली तर दैवशाला म्हणाली, "थंडीची सोय झाली तुमची. आता त्या राधेश्यामला बी एखादी द्या म्हणावं, त्याच्यामुळंच तर मिळाली."

दुसरी सेटिंग मी माझ्या सोयीनं केली. मेल अडवला की ज्याचा तो असेल त्याला सूचना जायची. हंगामात शेठना दिवसाला तीस-चाळीस सूचना यायला लागल्या तेव्हा ते चिडले, आणि मी सगळ्यांच्याच सूचना बंद केल्या. पाठवणाऱ्याला तर कळवायचंच नसतं, कारण व्हायरसवाले खोट्या पत्त्यावरून पाठवतात आणि सूचना भलत्याच माणसाला जाते. राहिलो मी. रोज सकाळी सात वाजता अडवलेल्या मेलची यादी मला यायची. ती वाचून त्यातले चांगले मेल सोडायचे, हे माझं काम. सुरुवातीला रोज वाचली. मग आठवड्यातून एकदा. मग मी असा नियम टाकला की यादी आपोआप वेगळ्या फोल्डरात जाऊन पडावी, आणि ते फोल्डर उघडायचं सोडून दिलं. कोणी ओरडलं की अमुक मेल आला नाही, तर तेवढा काढून द्यायचो. वर्ष जुनं झालेलं सगळं आपोआप पुसलं जावं, हेही मीच लावून ठेवलं होतं. डिस्क भरू नये म्हणून.

मागच्या वर्षी संक्रांत झाल्यावर दैवशालेनं मला सांगितलं की छातीत गाठ लागतेय. दिवाळीपासून लागत होती. जालन्यातल्या डॉक्टरांनी सुईने नमुना घेतला आणि लॅबमध्ये द्यायला सांगितला. आम्ही दोघं गेलो. तिथल्या मुलीनं विचारलं, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू का. दैवशाला लगेच नको म्हणाली. तिचा मोबाईल दिवसभर आमच्या राजनंदिनीच्या हातात असायचा, आणि राजनंदिनीची मंठ्याच्या एका घरी सोयरीक जुळत आली होती. आईला असलं काही आहे हे कळलं तर लोक म्हणतील उद्या पोरीलाही होईल, ही तिची भीती. लॅबमध्ये परत यायलाही ती तयार नव्हती, कोणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं. मग मीच म्हणालो, माझ्या ऑफिसच्या मेलवर पाठवा, तो माझ्याशिवाय कोणी बघत नाही. मुलीनं पत्ता लिहून घेतला आणि वाचून दाखवला. अर्शिया तिचं नाव. दैवशाला तिला म्हणाली, "बाई, कोणाला दिसू देऊ नको."

आठ दिवसांत येईल असं सांगितलं होतं. नवव्या दिवशी दैवशालेनं विचारलं, आला का. नाही म्हणालो. दोन दिवसांनी परत विचारलं. लॅबला फोन करायला हवा होता. पण ऑफिसात एकाच हॉलमध्ये सगळे बसतात, तिथं बायकोच्या छातीच्या गाठीचं मोठ्यानं कसं बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. सर्व्हरच्या खोलीतून करता आला असता. तिथं कोणीच नसतं. तिसऱ्यांदा तिनं जेवताना विचारलं तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अगं, काही असतं तर त्यांनी फोन केला असता ना."

तिनं ते खरं धरलं. तिचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. नंतर तिनं विचारलं नाही आणि मीही विसरलो. डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊन या म्हटलं होतं. रिपोर्टच नाही, म्हणून त्यांच्याकडेही गेलो नाही.

मे महिन्यात राजनंदिनीचं लग्न झालं. जूनमध्ये दैवशालेची पाठ दुखायला लागली, जुलैत तिला संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही तपासणी केली होती का. मी म्हणालो, केली होती, पण लॅबनं रिपोर्टच पाठवला नाही.

रिपोर्ट आणायला मी आणि माझा मेहुणा सर्जेराव लॅबमध्ये गेलो. सर्जेरावचं राजूरला गणपतीच्या देवळाजवळ नारळ-प्रसादाचं दुकान आहे. दैवशाला त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळं तिनंच त्याला वाढवला. अर्शियानं शोधून कागद छापून दिला. तारीख १८ फेब्रुवारीची. खाली लिहिलं होतं की कर्करोगाच्या पेशी दिसतात, पुढची तपासणी तातडीनं करावी. सर्जेरावनं ते दोनदा वाचलं आणि आवाज चढवला. बाकीचे पेशंट उठून उभे राहिले. लॅबचे डॉक्टर आतून बाहेर आले.

अर्शिया म्हणाली की तिनं त्याच दिवशी मेल केला होता. स्क्रीन वळवून तिनं पाठवलेला मेल दाखवला. पत्ता बरोबर होता.

"पाठवला असता तर पोचला नसता का?" सर्जेराव म्हणाला. "आमचे दाजी कंपनीत मेलचंच काम करून राह्यले. त्यांना कळत न्हाई आन् तुला कळतं का?"

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमच्याकडे आला नाही?"

"नाही आला," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

अर्शिया हळू आवाजात म्हणाली, "काकूंनी कोणाला दिसू देऊ नको म्हटलं होतं. म्हणून मी फाइलला पासवर्ड पण लावला होता. मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे."

पासवर्ड हा शब्द ऐकला आणि मला कळलं की मेल कुठं आहे. डॉक्टर अजून माझ्याकडेच पाहत होते. तिथंच तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. सर्जेरावला वाटलं मी रडतोय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर आणलं.

त्याच दुपारी मी ऑफिसात गेलो आणि महिनोन् महिने न उघडलेलं ते फोल्डर उघडलं. १९ फेब्रुवारीच्या यादीत वरून तिसरी ओळ. लॅबचा पत्ता, माझा पत्ता, आणि कारण: कुलूपबंद फाइल. पोचल्याची वेळही होती. १८ तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मेल आमच्या सर्व्हरनं घेतला होता. लॅबला मिळाला असं कळवलंही होतं. मग तपासणाऱ्यानं तो उचलून बाजूला टाकला होता, मी सांगितलं होतं तसा.

मी तो मेल बाहेर काढला नाही. पुसलाही नाही. फोल्डर बंद केलं आणि तिच्यासाठी मोसंबी घेऊन संभाजीनगरची बस धरली. त्या दिवशी १४ जुलै होती.

पुढं चार महिने उपचार चालले. रोज वाटायचं की आज सांगू. सकाळी तिला उलट्या व्हायच्या तेव्हा वाटायचं, आत्ता नको. दुपारी तिला बरं वाटायचं तेव्हा वाटायचं, कशाला तिचा बरा वेळ घालवायचा. सप्टेंबरमध्ये अशाच एका दुपारी ती म्हणाली, "सर्जा त्या लॅबवर केस करतो म्हणून राह्यला. करू देऊ नका. लेकरू हाय ती. कामाच्या घाईत राह्यलं असंल. मी तिला माफ केलं म्हणून सांगा."

मी हो म्हणालो. ज्यानं केलं होतं तो तिच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होता, आणि ती माफी दुसऱ्याच कोणाला देत होती. ती मोसंबी मी तिला एकेक फोड करून भरवली.

तेव्हा सांगायचं होतं. तशी वेळ परत आली नाही. तिनं मला माफ केलं असतं की नाही हे मला माहीत नाही. वेळेवर रिपोर्ट मिळाला असता तर किती फरक पडला असता, हेही मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. काही फरक पडला नसता असं ते म्हणाले असते, तर मी आयुष्यभर त्याच्या आड लपलो असतो.

तिचं म्हणणं मी सर्जेरावला सांगितलं. तो म्हणाला, अक्काचं मन मोठं होतं, माझं नाही. तेराव्यानंतर त्यानं लॅबच्या डॉक्टरांना लेखी तक्रार दिली, आणि उत्तर मिळालं नाही तर कोर्टात जाईन असं लिहिलं. तक्रारीत एक ओळ अशी होती की मयताचे पती स्वतः मेल सर्व्हरचे जाणकार असून मेल आलाच नाही असं त्यांचं म्हणणं आहे. खाली त्यानं माझी सही मागितली. मी केली. जुलैत बोललो तेव्हा मला माहीत नव्हतं. डिसेंबरात सही केली तेव्हा माहीत होतं.

डॉक्टरांनी अर्शियाला कामावरून काढलं. असा रिपोर्ट आला की लॅबनं फोनही करायला हवा होता, ते त्यांचं त्यांनी पाहायचं. पण त्यांनी सगळं तिच्यावर ढकललं ते माझ्या सहीच्या जोरावर.

या फेब्रुवारीच्या सहा तारखेला बदरोद्दीनभाई वर ऑफिसात आले. ते आमच्या कंपनीत पंधरा वर्षांपासून टेम्पो चालवतात, गावागावातून बियाण्याच्या गोण्या आणतात. वर कधी येत नाहीत. चपला बाहेर काढून ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"कल्याणभाऊ, लॅबवाली अर्शिया माझी पोरगी," ते म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. "तुमचं दुःख मोठं, त्याच्यावर मी काही बोलत न्हाई. पोरगी म्हणते मेल गेल्ता. डॉक्टर म्हणतात गेला असता तर पोचला असता. मला यातलं काही समजत न्हाई. पर राधेश्यामभाऊ म्हणले, आल्या-गेल्याची सगळी नोंद तुमच्या मशीनमधी राहते. तेवढं एकडाव पाहून सांगा. आल्ता तर आल्ता, न्हाई तर न्हाई. न्हाई म्हणलात तर मी पोरीला सांगतो, बाई, तुझीच चूक हाय, आता गप बस."

मी विचारलं, ती सध्या काय करते. ते म्हणाले, घरीच आहे. तीन ठिकाणी जाऊन आली. शहरातले लॅबवाले सगळे एकमेकांना ओळखतात. नाव सांगितलं की म्हणतात, कळवतो.

मी म्हणालो, पाहून सांगतो.

ते गेल्यावर मी हिशेब केला. १८ फेब्रुवारीला तो मेल वर्षाचा होणार होता, म्हणजे सर्व्हर त्याला आपोआप पुसणार होता. बारा दिवस होते. मला काही करायचंच नव्हतं. बारा दिवसांनी मी बदरोद्दीनभाईंना खोलीत बोलावून स्क्रीन दाखवू शकलो असतो, की बघा, इथं काही नाही. ते खोटंही ठरलं नसतं. हा विचार माझ्या मनात नुसता येऊन गेला नाही. मी तो आठ दिवस मनात ठेवला, आणि रोज सकाळी तो मेल अजून आहे का ते बघत राहिलो.

बदरोद्दीनभाईंनी परत विचारलं नाही. टेम्पो लावताना मी दिसलो तर हात वर करायचे.

तेरा तारखेला मी बारकोड मशीन दुरुस्त करायला खाली गेलो होतो. बी निवडायच्या लांब टेबलावर बाया बसलेल्या असतात, मशीनमधून सुटलेले फुटके दाणे आणि खडे हातानं काढतात. रोजंदारीचं काम आहे. त्या रांगेत शेवटी अर्शिया बसली होती. तोंडाला ओढणी बांधलेली होती, पण मी ओळखलं. तिची बोटं बाकीच्या बायांपेक्षा भरभर चालत होती. शेजारची एक जण तिला म्हणाली, "हळू घे गं, आम्हाला बी तेवढाच रोज मिळतो." सगळ्या हसल्या. तीही हसली. मग तिनं वर पाहिलं आणि मला नमस्कार केला.

मी मशीन तसंच सोडून जिन्याखालच्या खोलीत गेलो आणि आधी ती पुसायची आज्ञा बंद केली. मग तो मेल आणि त्याच्या नोंदीची पानं छापली.

रविवारी राजूरला गेलो. सर्जेरावला दुकानामागच्या खोलीत बसवून कागद दाखवले. मेल आला होता, आमच्या सर्व्हरनं अडवला, लॅबची चूक नाही, असं सांगितलं. त्यानं विचारलं, आता सापडला का? मी म्हणालो, हो, आता. हे बोलायचं मी ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघालं. सर्जेरावनं कागदांची घडी करून मला परत दिले. मग उलट मलाच म्हणाला की मशीनचा घोटाळा आहे, दाजी, तुम्ही तरी काय करणार. तक्रार मागं घेतो म्हणाला. निघताना त्यानं एक नारळ आणि पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत टाकला. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसणं मला जड गेलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी अर्शिया आणि बदरोद्दीनभाईंना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं. लॅबच्या डॉक्टरांच्या नावानं एक पत्र टाइप करून ठेवलं होतं. तिला आधी स्क्रीनवरची ओळ दाखवली. तिनं पत्ता वाचला, तारीख वाचली, वेळ वाचली. चार वाजून दहा मिनिटं. वडिलांकडे वळून ती म्हणाली, "अब्बा, पहुँचा था." बदरोद्दीनभाईंनी नुसती मान हलवली आणि जवळच्या खोक्यावर बसले.

मग तिनं मला विचारलं, "पासवर्ड लावला म्हणून अडला?"

"हो."

"नसता लावला तर?"

"तर मला मिळाला असता."

मी पटकन सांगितलं की चूक तिची नाही, तसं अडवायची सेटिंग माझी, सूचना मी बंद केल्या होत्या, यादी मी वाचत नव्हतो. पत्रात हे सगळं लिहिलंय म्हणालो. तिनं पत्र हातात घेतलं आणि उभ्यानंच सावकाश वाचलं, रिपोर्ट तपासावा तसं. वाचून झाल्यावर परत पहिल्या ओळीवर गेली.

"काका, आमच्या रिपोर्टवर तीन तारखा असतात," ती म्हणाली. "नमुना घेतला कधी, आला कधी, पाहिला कधी. यात दोनच आहेत. मी पाठवला ती तारीख आहे, तुमच्याकडे आला ती आहे. तुम्ही पाहिला कधी, ते नाही यात."

मला तेरा फेब्रुवारी म्हणता आलं असतं. सर्जेरावला आदल्याच दिवशी तसं सांगून आलो होतो. बदरोद्दीनभाई खाली बघत होते. ती वाट बघत उभी होती, आवाजात राग नव्हता. तिला खरोखर तेवढी एक तारीख हवी होती.

"चौदा जुलै," मी म्हणालो.

तिला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे आम्ही तुम्हाला कागद छापून दिला तो दिवस?"

"तोच. दुपारी."

"काकू तेव्हा होत्या."

"होती."

"त्यांना सांगितलं?"

"नाही. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की तुझ्याकडून राहिलं. तिनं तुला माफ केलं म्हणून सांग म्हणाली होती. ते पण मी सांगितलं नाही."

बदरोद्दीनभाई उठले. मला वाटलं आता ते काही बोलतील. ते दारात जाऊन बाहेर तोंड करून उभे राहिले. अर्शियानं डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. पत्र तिनं माझ्यापुढे टेबलावर ठेवलं.

"ते पण लिहा," ती म्हणाली. "तारीख घालून. आणि तक्रारीवर सही केली तेव्हा माहीत होतं, ते पण. एक प्रत त्या राजूरच्या काकांना द्या. ते मला खोटी ठरवून गेले होते सगळ्यांसमोर."

मी लिहिलं. मला त्या दोन ओळी टाइप करायला किती वेळ लागला सांगता येत नाही, पण खाली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती हलली नाही. छापलेला कागद तिनं पुन्हा वाचला, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मग ती वडिलांबरोबर बाहेर पडली. मी माफी मागितली नाही. तोंडापर्यंत आली होती. पण मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि माझ्यापायी तिनं आधीच पुष्कळ सोसलं होतं.

दुसरी प्रत घेऊन मी बुधवारी राजूरला गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. सर्जेरावनं उभ्यानंच कागद वाचला. तिसऱ्या तारखेवर थांबला. गिऱ्हाइकाला नारळ दिला, सुटे पैसे परत दिले, आणि मग मला विचारलं, "अक्का जित्ती व्हती तवा?"

"व्हती."

"रविवारी मला आता सापडला म्हणलात."

"खोटं बोललो."

तो कागदाकडेच बघत म्हणाला, "तुम्ही आता निघा, दाजी." आवाज चढवला नाही. लॅबमध्ये त्या पोरीवर चढवला होता तसा माझ्यावर चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तक्रार त्यानं दुसऱ्याच दिवशी मागं घेतली. लॅबमध्ये जाऊन अर्शियाबद्दल जे बोलला होता ते सगळ्यांसमोर मागं घेतलं, असं मला बदरोद्दीनभाईंकडून कळलं. डॉक्टरांनी तिला परत बोलावलं. तिनं आधी काढल्याची चूक लेखी मागितली, ती मिळाल्यावर मार्चमध्ये ती रुजू झाली. बदरोद्दीनभाई गोण्या घेऊन येतात. कामाचं बोलतात, नीट बोलतात. हात वर करत नाहीत.

कुलूपबंद फाइली मी अजूनही अडवतो, अडवाव्याच लागतात. पण सूचना आता ज्याची त्याला जाते. शेठ पुन्हा चिडले. त्यांना मी सगळं सांगितलं आणि सूचना बंद करणार नाही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. सकाळची यादी मी सात वाजता वाचतो. घरात त्या वेळी दुसरं काही नसतं.

राजनंदिनीलाही सांगितलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, मी नंतर बोलते. आठ दिवसांनी बोलली. सर्जेरावला मी दर रविवारी फोन करतो. बेल पूर्ण वाजते आणि बंद होते.